पाणक्यांना दिलेला शब्द

बुलढाणा हे जिल्ह्याचे ठिकाण असले तरी तेथे आगगाडी जात नाही. मलकापूरला उतरावे आणि राजूरचा घाट चढून जावे, तेव्हा ते गाव दिसते. मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांना सहसा न आठवणाऱ्या या गावात २४ डिसेंबर २०१८ रोजी, म्हणजे आपण सारे नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साच्या तयारीत असताना, काही वृद्ध माणसे उपोषणाला बसली. ते साखळी उपोषण होते. आज हे बसतील, उद्या ते बसतील. पण जागा रिकामी राहणार नाही, असा त्यांचा निश्चय होता. ते उपोषण वर्षानुवर्षे चालले. कमांडर अशोक राऊत यांच्या नेतृत्वाखालील ‘ईपीएस-९५ राष्ट्रीय संघर्ष समिती’चे हे आंदोलन पुढे दिल्लीपर्यंत पोहोचले, तरी त्याचे मूळ ठाणे बुलढाणाच राहिले.

ही माणसे कोण होती? कोणी आयुष्यभर एस.टी. हाकली, कोणी सहकारी संस्थेत खर्डेघाशी केली, कोणी कारखान्यात यंत्रापाशी उभे राहून तारुण्य संपवले. सरकारी नोकर ती नव्हेत. सरकारी नोकराचे निवृत्तिवेतन निराळे. ही माणसे ‘कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५’ या योजनेची सभासद. १६ नोव्हेंबर १९९५ रोजी अमलात आलेल्या या योजनेत मालकाने भविष्य निर्वाह निधीत घालावयाच्या १२ टक्के रकमेपैकी ८.३३ टक्के रक्कम निवृत्तिवेतनासाठी वळवली जाते. केंद्र सरकार त्यात १.१६ टक्क्यांची भर घालते. म्हातारपणी दरमहा काही रक्कम घरी येत राहील, हे त्या योजनेचे वचन होते. प्रत्यक्षात लाखो लोकांच्या हाती जे पडले ते पाहून सरकारलाच २०१४ साली किमान रक्कम ठरवून द्यावी लागली. १ सप्टेंबर २०१४ पासून ती दरमहा १,००० रुपये झाली. त्याच्या आदल्याच वर्षी राज्यसभेच्या याचिका समितीने, जिचे अध्यक्ष भगतसिंग कोश्यारी होते, किमान ३,००० रुपयांची शिफारस केली होती. पुढे दहा वर्षे उलटून गेली तरी तो हजाराचा आकडा जागचा हलला नाही. बुलढाण्याच्या वृद्धांची मागणी होती ७,५०० रुपये, त्यावर महागाई भत्ता, आणि पती-पत्नीस औषधपाण्याची सोय.

महिना एक हजार रुपये म्हणजे दिवसाला तेहतीस रुपये. यावर भाष्य करण्याचे कारण नाही. घर चालवणाऱ्या कोणत्याही माउलीला विचारावे.

एवढे सांगितले की आपल्याकडील अनेक सज्जन मान हलवतात आणि म्हणतात, “सरकारने लक्ष घातले पाहिजे.” मला या लेखात भांडण मांडावयाचे आहे ते या वाक्याशी. सरकारने लक्ष घातले पाहिजे हे खरेच आहे. पण त्या वृद्धांचे म्हातारपण केवळ दिल्लीत बिघडले असे समजणे ही स्वतःची सोयीस्कर फसवणूक आहे. ते दरमहा थोडेथोडे बिघडत गेले. कोणाच्या तरी कचेरीत, कोणाच्या तरी सहीने. आणि त्या सह्या करणाऱ्या खुर्च्यांवर आपलीही माणसे बसलेली आहेत.

आधी दिल्लीचा भाग उरकून घेऊ. १९९५ नंतर ही योजना जशीच्या तशी राहिली नाही. २००८ साली निवृत्तिवेतनाचा काही अंश एकरकमी घेण्याची सवलत काढली गेली, आणि भांडवल परत मिळण्याची सोयही गेली. आधी शेवटच्या बारा महिन्यांच्या पगाराची सरासरी धरत. २०१४ पासून साठ महिन्यांची धरू लागले. वाढत्या पगाराच्या माणसाची सरासरी त्यामुळे खाली येते, हे सांगण्यास गणिती नको. त्याच वेळी पगाराची मर्यादा ६,५०० वरून १५,००० वर नेली, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२२ च्या निकालात हे बदल बहुतांशी वैध ठरवले. निधीच्या हिशेबात तूट पडते, असे सरकारचे म्हणणे. ते खोटे आहे असे मी म्हणत नाही. पण कायद्याने वैध असणे आणि दिलेल्या शब्दाशी इमान राखणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. करार करताना दोघे, आणि बदलताना मात्र एकटा बलवानच, अशी ही रीत फार जुनी आहे.

किती जुनी, ते उत्पत्तीच्या पुस्तकात पाहावे. याकोब लाबानाकडे चाकरीस राहिला. राहेलसाठी सात वर्षे राबण्याचा करार झाला; सात वर्षे भरली, आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो लेआ! जाब विचारताच लाबानाने काय सांगितले? थोरलीच्या आधी धाकटीला उजवण्याची आमच्या गावी चाल नाही. ही चाल सात वर्षांपूर्वी करार करताना त्याला आठवली नव्हती. ‘संस्थेच्या नियमात बसत नाही’ हे वाक्य ज्यांनी कचेरीच्या दारात उभे राहून ऐकले आहे, त्यांना लाबानाची ओळख करून देण्याची गरज नाही. पुढे याकोबाची तक्रार अशी की या धन्याने माझी मजुरी दहा वेळा बदलली. लाबान काही दरोडेखोर नव्हता. तो नात्यातला होता, देवाधर्माचे नाव घेणारा होता, पाहुण्याला मिठी मारून घरात घेणारा होता. म्हणून तर तो आपल्या इतका जवळचा वाटतो.

आता आपल्या कचेरीकडे वळू. येथे ‘व्यवस्थापक’ म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे केवळ मोठ्या कंपनीतला साहेब नाही. शाळेची मुख्याध्यापिका, रुग्णालयाची प्रशासिका, पतसंस्थेचा सचिव, लहानशा वर्कशॉपचा मालक, बांधकामाचा ठेकेदार, या सर्वांच्या हाती कोणाची तरी भाकरी आहे. धर्मग्रामात दर रविवारी पहिल्या बाकांवर बसणाऱ्यांत यांची संख्या कमी नाही. आणि माणूस कामावर घेताना शब्द देण्यात यांच्याइतके उदार कोणी नसते. ‘सहा महिने काम बघू, मग कायम करू.’ ‘सध्या एवढ्यावर या, वर्षाअखेर वाढवून देऊ.’ ‘फंडाचे नंतर बघू, तुमचे नुकसान होऊ देणार नाही.’ यातले एकही वाक्य कागदावर नसते. ते कागदावर नसते म्हणून ते वचन नव्हते, असे पुढे मानले जाते.

फंडाचे नंतर बघू, याचा अर्थ नेमका काय होतो, हे एकदा पाहिले पाहिजे. कारण हे पाप हिशेबाच्या वहीत असे काही मिसळून जाते की करणाऱ्यालाही दिसत नाही.

या योजनेचे सूत्र सोपे आहे. निवृत्तिवेतनास धरावयाचा पगार गुणिले नोकरीची वर्षे, भागिले सत्तर. समजा एका कामगाराची नोकरी चौदा वर्षांची आहे आणि त्याचा पगार १५,००० रुपये दाखवला आहे. त्याला दरमहा ३,००० रुपये मिळतील. त्याच माणसाच्या पगारपत्रकात मूळ वेतन ५,००० आणि उरलेले दहा हजार निरनिराळे भत्ते म्हणून दाखवले, आणि फंड केवळ मूळ वेतनावर कापला, तर त्याला मिळतील १,००० रुपये. हाती पडणारा पगार तेवढाच. कामगाराला तर कपात कमी झाली म्हणून आनंदच होतो. व्यवस्थापकाची दरमहा काही शेकड्यांची बचत होते, वार्षिक सभेत काटकसरीबद्दल कौतुकही होते. फरक कळतो तो त्या कामगाराच्या वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, आणि तोवर तो व्यवस्थापक कोठे असतो?

दुसरी रीत याहून क्रूर. माणूस चौदा वर्षे राबला, पण पहिली पाच वर्षे मस्टरवर त्याचे नावच घेतले नाही. तो ‘उमेदवार’ होता, ‘रोजंदारी’ होता, ‘मदतनीस’ होता. कागदावर त्याची नऊ वर्षे भरतात. या योजनेत मासिक निवृत्तिवेतनास किमान दहा वर्षांची सेवा लागते. म्हणजे त्याच्या वाट्याला हजार रुपयेही नाहीत. भरलेल्या रकमेपोटी थोडेसे एकरकमी घेऊन त्याने घरी जावे. बुलढाण्यात उपोषणाला बसलेली माणसे निदान हजारासाठी पात्र ठरली होती. जी पात्रच ठरली नाहीत, ती उपोषणालाही बसू शकत नाहीत. त्यांना पाटी कोणत्या कार्यालयापुढे धरावी हेही ठाऊक नसते.

तिसरी रीत म्हणजे अकरा महिन्यांची नेमणूक आणि मध्ये थोडे दिवस खंड. दरवर्षी तोच माणूस, तेच काम, तेच टेबल. पण कागदावर दरवर्षी नवा जन्म. पुनरुत्थानावर श्रद्धा ठेवणाऱ्यांनी शोधलेला हा पुनर्जन्म मला नेहमीच चमत्कारिक वाटतो.

आणि चौथी रीत तर थेट फौजदारी गुन्ह्याची. कामगाराच्या पगारातून त्याच्या वाट्याची रक्कम कापून घ्यावयाची आणि ती निधीत भरावयाचीच नाही. पैशाची ओढाताण असेल तेव्हा ती खेळत्या भांडवलात वापरावयाची. भारतीय दंड संहितेने याला स्पष्ट शब्दांत विश्वासघात ठरवले होते, आणि नव्या न्याय संहितेतही ते तसेच आहे. कायद्याला येथे ‘चोरी’ हा शब्द पुरेसा वाटला नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. चोर परका असतो. विश्वासघात करणाऱ्याच्या हाती मालकानेच, म्हणजे येथे त्या कामगाराने, आपले पैसे ठेवलेले असतात. आपण समजतो की कामगार आपल्यावर अवलंबून आहे. कायदा सांगतो की तुम्ही त्याचे विश्वस्त आहात.

भत्त्यांच्या खेळाबद्दलही सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१९ रोजी निकाल दिला आहे: सर्वांना सरसकट दिला जाणारा भत्ता हा फंडासाठी मूळ वेतनाचाच भाग समजावा. त्या निकालात ज्यांच्याकडून रक्कम मागितली गेली त्यांत कारखाने होते, तशी एक शाळाही होती. शाळा चालवण्यात आपल्या समाजाची हयात गेली आहे. तेव्हा हा निकाल आपल्या संस्थाचालकांनी मोठ्या अक्षरांत छापून टेबलाच्या काचेखाली ठेवावयास हवा होता. अनुदानित शाळेतील जुन्या शिक्षकांना शासनाचे निवृत्तिवेतन असते. पण विनाअनुदानित शाळेतील बाई, शिपाई, बालवाडीची सेविका, बसमधली मावशी यांचे म्हातारपण याच योजनेच्या दोरीला टांगलेले आहे.

आता धर्माचे बोलू. मला ठाऊक आहे की काही वाचक येथे म्हणतील, फंड आणि भत्ते हा वकील-हिशेबनिसांचा विषय. त्यात प्रभू येशूला कशाला ओढता? यावर उत्तर असे की पवित्र शास्त्रानेच त्याला ओढले आहे, आणि तेही ताळेबंदाच्या पातळीपर्यंत. अनुवादाच्या पुस्तकात देव मोशेकडून सांगतो ते मोघम नाही: गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्या, कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. याकोबाच्या पत्रात तर ती अडकवून ठेवलेली मजुरीच ओरडते, मजूर गप्प राहिला तरी. आपल्या कॅथॉलिक बायबलात असलेल्या सिराकच्या ग्रंथात मजुराची मजुरी बुडवणाऱ्याला रक्त सांडणाऱ्याच्या पंक्तीला बसवले आहे. आणि ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणात ‘स्वर्गापर्यंत आक्रोश करणारी पापे’ म्हणून जी मोजकी पापे सांगितली आहेत, त्यांत खुनाबरोबर मजुरावरील अन्यायही आहे. आपल्यापैकी किती जणांनी पापनिवेदनाच्या वेळी हे पाप उच्चारले असेल? मिस्सा चुकल्याचे आपण सांगतो, रागावल्याचे सांगतो. पंधरा तारखेला भरावयाचे फंडाचे चलन आपण जाणूनबुजून चुकवले, हे सांगण्याचे कोणाला सुचत नाही. सुचले तरी पुढची अडचण आहेच. बुडवलेले परत केल्यावाचून हे प्रकरण मिटत नाही, हे जक्कयाला कोणी न सांगता कळले होते.

द्राक्षमळ्याच्या दाखल्याचा आपल्याकडे फार गैरवापर होतो. उशिरा आलेल्यालाही पूर्ण मजुरी देणाऱ्या त्या मालकाचे उदाहरण देऊन ‘माझे पैसे, माझी मर्जी’ असे सांगणारे महाभाग भेटतात. त्यांनी तो दाखला पुन्हा वाचावा. सकाळी आलेल्यांशी एका दिनाराचा ठराव झाला होता. संध्याकाळी त्यांच्या हाती एक दिनार पडला, रतिभरही कमी नाही. आधी शब्द पाळला आणि मग त्याच्यावर औदार्य केले. आपण नेमके उलट करतो. ठरलेल्यातून कापतो आणि नाताळला केकचा डबा वाटतो. साहेबांनी मुलीच्या लग्नाला दहा हजार दिले, म्हणून त्यांचे नाव निघते. पण तिच्या बापाचे फंडात न भरलेले याहून अधिक असेल, तर ते दहा हजार कोणाचे होते? न्यायाची थकबाकी दानाने फेडता येत नाही. येते असे मानणारा माणूस कामगाराचे पैसे कामगारालाच भिक्षा म्हणून देतो आणि वर आभाराची अपेक्षा करतो.

त्या दाखल्यात आणखी एक पात्र आहे, ज्याच्यावर मी आजवर प्रवचन ऐकलेले नाही. मालक मजुरी स्वतः वाटत नाही. संध्याकाळ होताच तो कारभाऱ्याला हाक मारतो आणि मजुरांना बोलावून पैसे दे म्हणतो. हा कारभारी म्हणजे आपला व्यवस्थापक. त्याच्या तोंडी एक वाक्य नाही. शेवटी आलेल्यांपासून वाटप सुरू करण्याचा हुकूम त्यालाही विचित्रच वाटला असणार; कुरकुर ऐकावी लागली तीही प्रथम त्यालाच. पण अंधार पडायच्या आत प्रत्येकाच्या हातात नाणे पडले, ते त्याच्यामुळे. हल्लीचा कारभारी असता, तर त्याने मालकाला सुचवले असते की शेवटच्या तासाचे मजूर ठेकेदारामार्फत दाखवू.

‘मी केवळ नोकर आहे, वरून आदेश येतात’ हा कारभाऱ्याचा आवडता बचाव. त्यावर पोप जॉन पॉल दुसरे यांनी १४ सप्टेंबर १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झर्सेन्स’ या परिपत्रकात एक उपयुक्त भेद केला आहे. कामगाराशी करार करतो तो प्रत्यक्ष मालक. आणि त्या कराराच्या अटी ज्यांच्या धोरणांनी, कायद्यांनी, दबावाने ठरतात ते सारे अप्रत्यक्ष मालक. त्यांत राज्यसंस्था प्रामुख्याने येते. या भेदाने दिल्लीही सुटत नाही आणि आपणही सुटत नाही. हजार रुपयांच्या किमान वेतनावर वर्षानुवर्षे स्वस्थ बसणारे सरकार हे त्या वृद्धांचे अप्रत्यक्ष मालकच होय. आणि पाच हजारांचे मूळ वेतन लिहिणारा हिशेबनीस, त्यावर सही करणारा व्यवस्थापक, हे प्रत्यक्ष. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवून काही साधत नाही.

याहून अधिक ऐकू येणारी सबब म्हणजे, ‘तो शब्द मागच्या साहेबांनी दिला होता.’ समिती बदलते, धर्मगुरूंची बदली होते, नवे विश्वस्त येतात, आणि बारा वर्षांपूर्वी कोणी तरी शिपायाला दिलेले ‘तुझ्या फंडाचे आम्ही करून देऊ’ हे आश्वासन अनाथ होते. अशा वेळी मला गिबोनकरांची कथा आठवते. ती यहोशवाच्या नवव्या अध्यायात आहे.

गिबोनचे लोक इस्राएलाकडे आले ते खोटेपणाने. फाटके जोडे, बुरसटलेली भाकर, झिजलेले बुधले दाखवून, आम्ही फार दुरून आलो, आम्हाला अभय द्या, म्हणाले. पुढाऱ्यांनी देवाला न विचारता शपथ वाहिली. तीन दिवसांनी कळले की हे तर शेजारचेच! लोक खवळले. कोणताही आजचा वकील म्हणाला असता की फसवून घेतलेला करार रद्दबातल. पुढारी मात्र म्हणाले, शपथ वाहिली आहे, आता यांना हात लावता येणार नाही. गिबोनकर लाकूडतोडे आणि पाणक्ये म्हणून राहिले. म्हणजे त्या समाजाचे चतुर्थ श्रेणी कर्मचारीच. पुढच्याच अध्यायात त्यांच्यावर पाच राजे चालून आले, तेव्हा यहोशवा रात्रभर चालत त्यांच्या रक्षणाला गेला. पाणक्यांना दिलेल्या शब्दासाठी सारे सैन्य उठले.

कथा येथे संपत नाही. पिढ्या गेल्या. शौल राजाने राष्ट्राभिमानाच्या भरात तो शब्द मोडला आणि गिबोनकरांची कत्तल केली. शौलही गेला. मग दावीदाच्या राज्यात तीन वर्षे दुष्काळ पडला, आणि देवाला कारण विचारले तेव्हा उत्तर आले ते त्या पाणक्यांचे. दावीद म्हणू शकला असता की हे मागच्या राजवटीतले प्रकरण आहे, माझा काय संबंध? तो म्हणाला नाही. त्याने गिबोनकरांना बोलावून विचारले की तुमची भरपाई कशी करू. त्यांनी मागितलेली आणि दिली गेलेली भरपाई भयंकर होती, तिचा आदर्श कोणी घालून देणार नाही. पण मुद्दा स्पष्ट आहे. खुर्चीवर बसणाऱ्याला खुर्चीबरोबर तिची वचनेही वारसा म्हणून मिळतात. इमारती, ठेवी, नावलौकिक हे सारे मागच्यांकडून आले ते चालते, आणि शब्द तेवढा त्यांच्याबरोबर पुरावा, हे कसे?

धंदा खरोखरच बसला तर काय करावे, हा प्रश्न मात्र मी टाळणार नाही. बोंडअळी, मंदी, टाळेबंदी, शाळेत घटणारी मुले. २०२० साली कित्येक भल्या मालकांच्या तिजोऱ्या रिकाम्या झाल्या. नसलेले पैसे कोणी देऊ शकत नाही. पण दिलेल्या शब्दातून आपली आपण सुटका करून घेता येत नाही. ज्याला शब्द दिला त्यानेच ती करावी लागते. म्हणजे वही उघडून त्याच्यापुढे ठेवावी, किती आले, किती गेले, साहेबाने स्वतःच्या पगारातून किती कमी घेतले, ते दाखवावे, आणि मुदत मागावी. कामगार सहसा ती देतो; त्याला अडचण म्हणजे काय ते आपल्याहून चांगले समजते. पण होते असे की वही झाकलेली राहते, साहेबाची गाडी बदलते, आणि कामगाराला सांगितले जाते की परिस्थिती कठीण आहे.

विदर्भातच याचे दुसरे टोकही होऊन गेले. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपूरला एम्प्रेस मिल सुरू केली. जागा निवडली ती कापसाच्या प्रदेशालगत. ज्या वऱ्हाडच्या कापसासाठी १८७० साली इंग्रजांनी जलंब ते खामगाव अशी खास रेल्वेची फांदी टाकली होती, तोच हा प्रदेश. मिलचे व्यवस्थापक बेझनजी मेहता हे रेल्वेच्या माल खात्यातून आलेले. गिरणीचा अनुभव शून्य. तेथे १८८६ साली कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी सुरू झाला, १८९५ पासून अपघाताची भरपाई मिळू लागली. तेव्हा असा कोणताही कायदा नव्हता. कोणी उपोषणाला बसले नव्हते. आणि पोप लिओ तेरावे यांचे ‘रेरुम नोव्हारुम’ हे कामगारांविषयीचे विख्यात परिपत्रक निघाले ते १५ मे १८९१ रोजी, म्हणजे त्या निधीनंतर पाच वर्षांनी! एका पारशी गृहस्थाने आपले परिपत्रक न वाचता पाळले. आपण ते वाचून, त्याच्या शताब्द्या साजऱ्या करून, त्यावर निबंधस्पर्धा घेऊन, शिपायाचे नाव मस्टरवर घेत नाही. ती गिरणीही कालांतराने सरकारच्या हाती गेली आणि २००२ साली बंद झाली, ही निराळी आणि दुःखाची कथा. ८ मे २०२५ रोजी निवडून आलेल्या पोपमहोदयांनी ‘लिओ’ हे नाव घेतले, ते त्याच परिपत्रकाचे स्मरण ठेवून, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. आपल्या पत्रिकांतून त्याचे स्वागत झाले. स्वागताला खर्च येत नाही.

आता सर्वांत अवघड जागेकडे येतो, म्हणजे खुद्द ख्रिस्तसभेच्या संस्थांकडे. यावर लिहिले की ‘घरची धुणी रस्त्यावर’ असा आक्षेप येतो. पण हे मी काढलेले नाही. १९७१ साली रोममध्ये भरलेल्या महागुरूंच्या परिषदेने न्यायाविषयीच्या आपल्या निवेदनात म्हटले आहे की जगापुढे न्यायाविषयी बोलू पाहणाऱ्याने प्रथम जगाच्या दृष्टीने स्वतः न्यायी असले पाहिजे. आणि लगेच पुढे ख्रिस्तसभेत काम करणाऱ्यांचे वेतन आणि सामाजिक सुरक्षितता यांचा विषय घेतला आहे. १९८३ च्या धर्मसंहितेचे १२८६ वे कलम तर संस्थांच्या प्रशासकांवर स्पष्ट जबाबदारी टाकते: कामावर माणसे नेमताना देशाचे कामगारविषयक कायदेही काटेकोरपणे पाळा, आणि राबणाऱ्याला त्याच्या कुटुंबाच्या गरजा भागतील असे न्याय्य वेतन द्या. म्हणजे धर्मग्रामाच्या शाळेत फंड चुकवला तर तो केवळ दिल्लीच्या कायद्याचा भंग नाही, रोमच्या कायद्याचाही आहे. ‘आम्ही सेवाभावी संस्था आहोत’ ही सबब या कलमापुढे टिकत नाही. सेवाभाव ज्याने स्वतःसाठी स्वीकारला त्याचा तो अलंकार आहे. झाडूवालीने तो स्वीकारलेला नसतो. तो तिच्याकडून वसूल केला जातो.

बुलढाणा जिल्हा अमरावती धर्मप्रांतात येतो. तेथील कॅथॉलिक कुटुंबे थोडी, वसई-मुंबईच्या तुलनेत तर मूठभरच. तेथे, आणि अशा सर्वच विरळ वस्तीच्या ठिकाणी, बहुसंख्य शेजाऱ्यांना ख्रिस्ती धर्म दिसतो तो प्रवचनातून नव्हे. आपण चालवलेल्या शाळेतल्या, दवाखान्यातल्या नोकराच्या तोंडून. तो संध्याकाळी घरी जाऊन काय सांगतो, तेच तेथले शुभवर्तमान.

पुढील धर्मग्राम परिषदेच्या बैठकीत एक साधी गोष्ट करता येईल. अर्थ समितीकडून सणाच्या रोषणाईचा, मंडपाचा आणि बँडचा हिशेब आपण दरवर्षी ऐकतो. याच धर्मसंहितेचे १२८७ वे कलम श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशेब त्यांना द्यावा असे सांगते. त्या हिशेबात या वर्षी तीन रकाने वाढवून मागावेत: धर्मग्रामाच्या आणि त्याच्या शाळेच्या सेवेत किती माणसे आहेत, त्यांपैकी कितींची नावे पहिल्या दिवसापासून फंडात आहेत, आणि त्यांचे मूळ वेतन एकूण पगाराच्या किती आहे. उत्तर देण्यास सचिवांना एक महिना पुरेल. सारी माहिती चलनांच्या फाइलीत असते. जे वाचक स्वतः दुकान, वर्कशॉप वा कारखाना चालवतात त्यांनी तेच तीन रकाने आपल्या वहीत आखावेत, आणि मस्टरवर नसलेल्या माणसाची नोकरी कोणत्या तारखेला सुरू झाली ती तारीख त्यालाच विचारून लिहावी. त्याला ती पाठ असते.